गालिच्यावरचा डावा पाय

नेव्हिल हॅलिवेल उभा राहायचा तो कायम एकाच जागी. डग क्रॅबट्रीच्या ड्रमच्या डाव्या अंगाला, आणि स्वतःचा डावा पाय डगच्या गालिच्यावर टाकून.

आता ड्रमखाली गालिच्याचा तुकडा लागतोच. आमच्या बेकप गावातल्या पबांच्या फळ्या बीअर पिऊन पिऊन गुळगुळीत झाल्यात. खाली काही नसलं तर मोठा ड्रम लाथा खात खात पुढं सरकतो आणि तिसऱ्या गाण्याला पहिल्या टेबलावरच्या म्हातारीच्या मांडीत जाऊन बसतो. डगचा गालिचा घरचा होता. त्याच्या बायकोनं, मॉरीननं, बैठकीत नवा गालिचा घातला तेव्हा जुन्याचा एक तुकडा कापून दिला होता. "घे, तुझ्या त्या भांड्यांखाली घाल," म्हणाली होती. तपकिरी रंग, वर नारिंगी फुलं. मॉरीन जाऊन चार वर्षं झाली. फुलंही बरीचशी गेली, पण गालिचा होता.

नेव्हला त्या गालिच्यातून ठोका कळायचा. कानानं नंतर, आधी टाचेनं. डगनं मोठ्या ड्रमचं पेडल दाबलं की फळी हलायची, फळीतून गालिचा, गालिच्यातून टाच, आणि टाचेतून थेट बोटात. तीस वर्षं असंच चाललं होतं. मधे डोकं येतच नव्हतं.

दिवसा नेव्ह लोकांचे बॉयलर दुरुस्त करायचा, बँडमधे बेस गिटार वाजवायचा, आणि बेसवाला म्हणजे बँडमधला बॉयलरच की हो. चालू असतो तोवर कुणाला त्याची आठवण नाही. बंद पडला की सगळ्यांना गारठा. गाणारा लेस डकवर्थ, त्याचं टायरचं दुकान. तो पुढं उभा राहून गिटार बडवायचा, बायकांकडं बघून डोळा मारायचा. दुसऱ्या गिटारवर बॅरी. दुसरा घटस्फोट झाल्यापासून हा माणूस "माझी मोठी बीअर सांग" याच्यापलीकडं बोलत नव्हता. बँडचं नाव रस्टी गेट्स. पैसे असे काही मिळायचे नाहीत. दर रविवारी, दुपारी चारला, वीव्हर्स पबात.

मागच्या ईस्टरला नेव्हच्या टाचेला पहिल्यांदा कळलं. ठोका उशिरा आला. एवढासाच. चालता चालता उंबऱ्यात कुणी जरासं अडखळावं, तेवढा.

नेव्हनं काय केलं? बेसवाला जे करतो तेच केलं. थांबला. डगच्या पायासाठी एवढासा थांबला आणि त्याच्याबरोबर सूर टाकला. दोघं मिळून उशिरा आले की ऐकणाऱ्याला चूक वाटतच नाही. त्याला वाटतं, वा, आज गाणं कसं डुलत चाललंय.

पुढच्या वेळी जरा जास्त थांबावं लागलं. त्याच्या पुढच्या वेळी अजून जरा. असं करत वर्ष गेलं. डगचा उजवा पाय चालतानाही घासायला लागला, बुटाचं टोक पांढरं पडलं. शर्टाच्या बाहीचं बटण लावायला त्याला एक अख्खं गाणं लागायचं. नेव्ह म्हणाला, "डॉक्टरला दाखव की."

"दाखवलं होतं," डग म्हणाला. "गुडघा दाखवला तर ती पोरगी म्हणाली वजन कमी करा. आता पाय दाखवला तर म्हणेल बीअर सोडा. मग राहिलं काय?"

पण ड्रम वाजवताना त्याला स्वतःला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. जाणवणार कसं? त्याचा पाय पडला की त्याच क्षणी नेव्हचा सूर पडत होता. माणूस पडतोय आणि शेजारचा बरोबर तेवढाच वाकतोय, तर पडणाऱ्याला काय कळणार?

एका रविवारी नेव्हच्या व्हॅनमधून जाताना डग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "रविवार नसता ना नेव्ह, तर सोमवारी मी उठलोच नसतो."

"येडा आहेस."

"आहेच. पण खरं सांगतोय."

नेव्हनं गिअर बदलला. त्यानंतर तो डॉक्टरचं नाव काढेनासा झाला.

मग एके दिवशी पॉलीन नाचता नाचता खाली बसली. पॉलीन म्हणजे केस कापायचं दुकान चालवणारी. तिला पहिल्या सुराला उठताना आणि शेवटच्या सुराला बसताना आम्ही सगळ्यांनी बघितलेलं. ती मधेच बसली, पाय चोळायला लागली आणि ओरडली, "लेस, राजा, आज काय ओल्या सिमेंटमधे नाचवतोयस का रे आम्हाला?"

सगळे हसले. लेसही हसला. पण पुढच्या रविवारी त्यानं एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं आणि ठेवायला जागा नाही म्हणून नेव्हच्या अँपच्या, म्हणजे त्याच्या स्पीकरच्या पेटीच्या, वरच्या फळीवर ठेवलं.

आता गंमत बघा. नेव्हच्या अँपला कान लावून ठेवलेलं यंत्र. त्यात ऐकू येणार काय? नेव्हचा बेस. ड्रम पार मागं, पावसात कुणी पिंप वाजवावं तसे.

बुधवारी बोलिंग क्लबच्या वरच्या खोलीत सराव असायचा. लेसनं कुणाला वाद्य काढू दिलं नाही. यंत्र खुर्चीवर ठेवलं, लावलं. दोन गाणी सगळ्यांनी ऐकली. लेसचा गळा, लेसची गिटार, आणि तिच्या मागून पाय ओढत येणारा बेस.

"नेव्ह," लेस म्हणाला, "तूच सांग दोस्ता. मला वाईट दिसायचं नाहीये."

"काय सांगू?"

"तू मागं पडतोयस. बरेच दिवस पडतोयस."

बॅरी स्वतःच्या बुटांकडं बघत होता. नेव्हनं डगकडं बघितलं. डग स्टुलावर बसून काठ्या मांडीवर फिरवत होता. त्यानं लांब श्वास घेतला.

"मला वाटतच होतं," डग म्हणाला. "मी बोललो नाही इतकंच. मला हल्ली नेव्हला ओढत न्यावं लागतं. राग मानू नकोस म्हाताऱ्या. ओढतोय मी तुला."

मनापासून म्हणाला. त्यात कपट नव्हतं. नेव्हनं तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं झालं असतं. त्या वाक्याच्या पलीकडं व्हॅनच्या खिडकीतलं डगचं तोंड होतं आणि न उगवणारा सोमवार होता.

"बोटं," नेव्ह म्हणाला. "बोटांचे सांधे धरलेत. सकाळी पाना धरवत नाही. सांगणारच होतो तुम्हाला."

"अरे मग बोलायचं नाही का!" लेसला एकदम सुटल्यासारखं झालं. "थोडी विश्रांती घे. तो क्रेग आहे ना, पार्सलची गाडी चालवणारा, तो येईल तोवर. चांगलं वाजवतो. मग बघू."

"मग बघू," नेव्ह म्हणाला. बेस पिशवीतून काढलेलाच नव्हता, तसाच खांद्याला लावून खाली उतरला. जिन्यात मागून डगची हाक आली, "गरम पाण्यात मीठ घालून बुडव रे बोटं! मॉरीन तेच करायची!"

घरी ब्रेंडा मटाराच्या शेंगा सोलत बसली होती. नवऱ्याला एवढ्या लवकर दारात बघून तिनं पातेलं बाजूला सारलं. त्यानं सगळं सांगितलं. पायाचं, यंत्राचं, बोटांचं.

"म्हणजे तू खोटं बोललास."

"हो."

"त्याला वाचवायला."

"हो."

"आणि त्या क्रेगच्या पायाला कळणार आहे का, डग कधी उशीर करणार ते?"

हे नेव्हच्या ध्यानातच आलं नव्हतं बघा. हाडाचा बेसवाला होता तो. गाण्यात आपण असतो हे त्यानं कधी धरलेलंच नव्हतं. त्याला वाटलं आपण बाजूला झालो की दोष आपल्याबरोबर जाईल. आपल्याबरोबर आधारही जातो, हे त्याला मटार सोलणाऱ्या बाईनं सांगावं लागलं.

"गाढवा," ब्रेंडा म्हणाली, पण हळू म्हणाली, आणि त्याच्या बोटांवर हात ठेवला. बोटं ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं क्रेगला फोन लावला. क्रेग चाळिशीचा, सरळ माणूस.

"एक सांगतो," नेव्ह म्हणाला. "मोजू नकोस. डगचा उजवा पाय बघ. तो पडेल तेव्हाच तू पड. डावा पाय त्याच्या गालिच्यावर ठेव, म्हणजे कळेल."

"पण तुम्हाला काढलं ते याच्यासाठीच ना? लेस म्हणाला, गाणं मागं पडतंय."

"पडू दे."

क्रेग म्हणाला, "प्रयत्न करतो नेव्ह. खरंच करतो. पण मला ते जमत नाही हो. एकदा लय पकडली की माझी बोटं कुणासाठी थांबतच नाहीत."

चांगला बेसवाला होता तो. तिथंच तर सगळं अडलं.

रविवारी नेव्ह वीव्हर्समधे समोरच्या बाजूला बसला. त्या पबात एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच खुर्चीत बसत होता. कुठून बघायचं हेही त्याला कळेना. बाहेर चांगलं ऊन पडलेलं, दारातून तिरपी पट्टी आत आलेली, लोकांनी रविवारचं जेवण करून पँटचं वरचं बटण सोडलेलं. पॉलीन बूट बदलून तयार.

पहिलं गाणं सुरू झालं आणि क्रेगचा बेस खिळ्यासारखा बसला. पॉलीन उठली. लेसनं डोळा मारला. पहिली काही कडवी डगही जोरात होता. मग त्याचा पाय मागं राहायला लागला.

या वेळी त्याच्यासाठी कुणी थांबलं नाही.

क्रेगनं दोनदा मान वळवून पायाकडं बघितलं. त्याचा डावा पाय गालिच्यावर होता. बिचाऱ्यानं खरंच ठेवला होता. पण बोटं थांबली नाहीत. बेस पुढं, ड्रम मागं, मधे फट. कान नसलेल्याला ऐकू जावी एवढी फट. एका पबात दोन बँड वाजताहेत असं झालं. पॉलीनला कुणाबरोबर नाचावं कळेना, ती उभ्या उभ्या हात हलवत राहिली. बारजवळ कुणीतरी म्हणालं, "डगनं आज दुपारीच प्यायला सुरुवात केली वाटतं."

डगनं डावीकडं बघितलं. नेव्ह असायचा तिथं. क्रेगचा खांदा दिसला. मग डग वेगानं मारायला लागला, घाम आला, काठी निसटली, दुसरी घेतली. त्याच्या तोंडावर असं काही होतं, जणू गर्दीत बायकोचा हात सुटलाय आणि ती कुठं दिसत नाही. टेबलाखाली नेव्हचा डावा पाय फळीवर दाबून धरलेला होता, आणि एवढ्या लांबूनही टाचेला डगचा ठोका लागत होता. त्याची बोटं मांडीवर डगच्या वेळेला पडत होती. काय उपयोग?

मधल्या सुट्टीत मटणाची सोडत, ज्याचा नंबर लागेल त्याला मटण. पबाची मालकीण ग्लेनिस बारवर उभी राहून चिठ्ठ्या काढायला लागली. "निळी, एकोणसत्तर! कुणाकडंय निळी एकोणसत्तर? चॉप आहेत रे, लाजू नका!"

निळी एकोणसत्तर नेव्हकडं होती. चॉपची थाळी हातात घेऊन तो मागच्या अंगणात गेला, कारण डग तिकडं गेलेला त्यानं बघितला होता.

डग रिकाम्या पिंपावर बसला होता. नेव्ह शेजारच्या पिंपावर बसला. थाळी मांडीवर. खिशातून त्यानं डुकराच्या कुरकुरीत कातडीचं पाकीट काढलं, चिमटीत धरून फोडलं, डगपुढं केलं. डगनं घेतलं नाही. तो पाकिटाकडं बघत होता.

"दुखली नाहीत वाटतं," डग म्हणाला.

"काय?"

"बोटं. ते पाकीट माझ्यानं दातांनी पण फुटत नाही हल्ली."

नेव्हनं पाकीट खाली ठेवलं.

"कधीपासून?" डगनं विचारलं.

"ईस्टरपासून."

"यंदाच्या?"

"मागच्या."

डगनं मान हलवली. पलीकडच्या गल्लीत कुणाचं तरी कुत्रं भुंकून गेलं. "आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, मी तुला ओढतोय. तू ऐकून घेतलंस."

"त्यात काय."

"त्यात काय? मीठ घालून बोटं बुडव म्हणालो मी तुला!" डग हसायला लागला आणि हसता हसता त्याचं तोंड भलतीकडंच गेलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले. बाहीचं बटण उघडंच होतं. "गप्प का बसलास रे साल्या?"

"गप्प कुठं बसलो. वाजवत होतो की."

आत ग्लेनिस कोंबडीचा नंबर ओरडत होती.

"ऐक," डग म्हणाला. "दुसऱ्या फेरीला क्रेगचा बेस घे. तो देईल. आणि पहिलं गाणं माझ्यासाठी थांबायचं नाही. जिथं पडायला पाहिजे तिथंच पड."

"ते मला जमणार नाही."

"जमव. क्रेगचं मी मनावर घेणार नाही. म्हणेन, हा नवा आहे, याला कळत नाही. तू वाजवलंस तर मला खरं ऐकू येईल. नेव्ह, मला किती मागं आहे ते बघायचंय. एकदाच."

क्रेगनं बेस दिला. लेसनं भुवया उंचावल्या, "बोटं?" म्हणाला. नेव्हनं ऐकलं न ऐकलंसं केलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गालिच्यावरून खाली उतरला. दोन्ही पाय फळ्यांवर. टाचेला कळू नये म्हणून पंजांवर उभा राहिला.

ते गाणं त्यानं सरळ वाजवलं. लेसच्या पायाकडं बघत, दात आवळून वाजवलं. मागं डगचा ठोका पडत होता, उशिरा, अजून उशिरा, आणि नेव्ह थांबत नव्हता. लोकांना वाटलं वा, हॅलिवेल परत आला, काय पक्का वाजवतोय. टाळ्या पडल्या. आपल्याइतका वाईट माणूस त्या दुपारी अख्ख्या लँकशर परगण्यात नसेल असं त्याला वाटलं.

गाणं संपलं. डगनं झांज दोन बोटांत धरून गप्प केली.

"बरं," डग म्हणाला. फक्त नेव्हला ऐकू जाईल एवढ्यानं. "एवढं आहे तर." मग काठीनं गालिच्याचा कोपरा दाखवला. "आता ये इकडं."

नेव्हनं डावा पाय गालिच्यावर ठेवला.

पुढची सगळी गाणी त्यांनी आपल्या चालीनं वाजवली. हळू, जड. लेस पहिल्यांदा रागानं मागं वळला. काहीतरी बोलणार होता. त्यानं नेव्हच्या तोंडाकडं बघितलं, मग नेव्हच्या पायाकडं, मग डगच्या पायाकडं. टायरवाला होता, मूर्ख नव्हता. तोंड मिटून घेतलं, पुढं फिरला आणि त्यांच्या चालीनं गायला लागला. पॉलीननं बूट काढून टाकले. तिनं बारवरच्या एका म्हाताऱ्याला ओढून आणलं आणि दोघं जागच्या जागी डुलत राहिले.

शेवटच्या सुराला डगनं काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या आणि लेसला म्हणाला, "दुसरा बघ रे बाबा कुणी."

बॅरी बोलला. "मोठी घेणार का, डग?" म्हणाला. "मी पाजतो."

सामान भरताना डगला कुणी हात लावू दिला नाही. मोठा ड्रम नेव्हनंच उचलला, तो कायम नेव्हच उचलायचा. लेस त्याच्यामागं व्हॅनपर्यंत आला. "मला माफ कर दोस्ता. बुधवारी येशील ना? तुझी जागा तुझीच आहे."

नेव्हनं व्हॅनचं मागचं दार लावलं. "नको रे," म्हणाला. "बोटं दुखतात."

मग राहिली येड्याची फेरी. आम्ही असंच म्हणतो. सगळं भरून झालं की एकानं रिकाम्या जागेवर परत एक चक्कर मारायची, कुठल्या येड्यानं काय विसरलंय ते बघायला. ते काम नेव्हचं. तो आत गेला. पोरंटोरं ग्लास गोळा करत होती. कोपऱ्यात गालिचा तसाच पडला होता. स्टुलाखालची फुलं गेलेली, पेडलखालची फुलं गेलेली. आणि डाव्या कडेला, एका बुटाएवढ्या जागेत, तिथलीही गेलेली. ते त्यानं आजवर बघितलंच नव्हतं. बघणार कधी, वर पाय असायचा.

गुंडाळी करून त्यानं तो बाहेर आणला. डग पुढच्या सीटवर बसला होता.

"विसरलास."

"विसरलो नव्हतो," डग म्हणाला. "नव्या ड्रमवाल्याला लागेल. फळ्या गुळगुळीत आहेत तिथं."

"तो आपला आणेल."

नेव्हनं गालिच्याची गुंडाळी डगच्या मांडीवर ठेवली. डगनं दोन्ही हात तिच्यावर टाकले. कापणारा उजवा हात तिच्यावर टेकल्यावर जरा शांत झाला. मधल्या जागेत चॉपची थाळी.

"तीन आहेत," नेव्ह म्हणाला. "ब्रेंडा म्हणाली, तुला घेऊनच ये जेवायला."

"चॉप लागणार हे तिला आधीच ठाऊक होतं?"

"चॉपचं नव्हतं ठाऊक."

व्हॅन चढाला लागली. ऊन अजून टेकडीवर होतं. चढ संपता संपता नेव्हला खालून आवाज आला. डगचा उजवा बूट व्हॅनच्या पत्र्यावर वाजत होता. मगाचंच शेवटचं गाणं होतं. एक ठोका आला, मग दुसरा यायला हवा होता तिथं आला नाही.

नेव्हचं बोट स्टिअरिंगवर उचललेलं होतं. ते तसंच वर थांबलं.

मग बूट पडला, आणि बोट पडलं.